धागा: पेंग्विन रँडम हाउसचे 2022 साल – उलाढाल वाढली, मग नफा का घटला?

पानोपानी

बर्टेल्समान या जर्मन समूहाच्या 2022 सालच्या अहवालातले त्याच्या पेंग्विन रँडम हाउस या पुस्तक प्रकाशन समूहाचे आकडे वरवर पाहिले तर समाधानकारक वाटतात. 2021 मध्ये सुमारे 4.03 अब्ज युरो असलेली उलाढाल 2022 मध्ये 4.22 अब्ज युरोवर गेली, म्हणजे जवळजवळ पाच टक्के वाढली. मात्र व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा व्यवसायातला नफा, ज्याला अहवालात ऑपरेटिंग एबिटडा म्हणतात, 75.5 कोटी युरोवरून 66.6 कोटी युरोवर उतरला. विक्रीच्या दर शंभर युरोंमागे आदल्या वर्षी पावणेएकोणीस युरो हाती राहत होते, या वर्षी सोळाही राहिले नाहीत.

ज्यांनी हा विषय फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. रँडम हाउस बर्टेल्समानचे, पेंग्विन हे ब्रिटनच्या पिअर्सनचे. 1 जुलै 2013 रोजी दोघांचे एकत्रीकरण झाले तेव्हा बर्टेल्समानकडे 53 टक्के आणि पिअर्सनकडे 47 टक्के हिस्सा होता. पिअर्सन टप्प्याटप्प्याने बाहेर पडली आणि 2020 पासून संपूर्ण मालकी बर्टेल्समानकडे आहे. आज या छत्राखाली तीनशेहून अधिक इम्प्रिंट, म्हणजे वेगवेगळ्या नावांनी पुस्तके काढणारे विभाग, आहेत आणि सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तके काढणारा जगातला सर्वांत मोठा प्रकाशन समूह म्हणून तो ओळखला जातो. असे असूनही 2022 मध्ये बर्टेल्समानच्या एकूण उलाढालीत त्याचा वाटा साधारण एक पंचमांशच होता. बाकीचा व्यवसाय दूरचित्रवाणी, संगीत, छपाई, सेवा आणि शिक्षण यांत विखुरलेला आहे.

माझे म्हणणे असे आहे की प्रकाशन समूहाचे वर्ष त्या वर्षात घडत नाही. 2022 मध्ये जी पुस्तके दुकानांत आली त्यांचे करार त्याआधी दोन-तीन वर्षे झाले होते, लेखकांना आगाऊ रकमा कबूल करून झाल्या होत्या आणि 2020-21 मध्ये घरात अडकलेल्या वाचकांनी जी भरमसाट खरेदी केली ती पाहून छपाईचे अंदाजही वाढवले गेले होते. म्हणून 2022 चा नफा का घटला याचे उत्तर 2022 मध्ये शोधत बसलो तर अर्धेच सापडेल. जाणकारांनी आपापल्या बाजूने भर घालावी, ही विनंती.

जमाखर्च

पानोपानी, धाग्याबद्दल आभार. नफ्याकडे वळण्यापूर्वी उलाढालीच्या त्या पाच टक्क्यांकडे पाहावे लागेल, कारण माझ्या मते ती वाढ खरी वाढ नाहीच.

बर्टेल्समानचे हिशेब युरोमध्ये मांडले जातात आणि पेंग्विन रँडम हाउसचा सर्वांत मोठा बाजार अमेरिका आहे. 2021 मध्ये एका युरोला सरासरी 1.18 डॉलर पडत होते. 2022 मध्ये युरो घसरत गेला, जुलैच्या मध्यावर तर तो एका डॉलरच्याही खाली उतरला, आणि वर्षाची सरासरी 1.05 च्या आसपास आली. याचा अर्थ साध्या उदाहरणाने सांगतो. न्यूयॉर्कमध्ये 100 डॉलरची पुस्तके विकली गेली, तर 2021 च्या हिशेबात ते जवळपास 85 युरो दिसत. 2022 मध्ये तीच 100 डॉलरची विक्री 95 युरो दिसते. एकही प्रत जास्त खपली नाही तरी कागदावर बारा टक्के वाढ.

सगळा व्यवसाय डॉलरमध्येच आहे असे घटकाभर धरले, तर 2021 ची उलाढाल 4.75 अब्ज डॉलरच्या घरात जाते आणि 2022 ची 4.43 अब्ज डॉलरच्या. म्हणजे पाच टक्के वाढीच्या जागी सहा-सात टक्के घट. अर्थात हे गृहीतक टोकाचे आहे, कारण ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि लॅटिन अमेरिका इथलाही मोठा व्यवसाय या आकड्यांत आहे. पण दिशा तीच राहते. अमेरिकेत छापील पुस्तकांची मोजदाद करणाऱ्या बुकस्कॅनच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये तिथे 78.87 कोटी प्रती खपल्या, आदल्या वर्षापेक्षा साडेसहा टक्के कमी. दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात.

नफ्याचे हेच गणित अधिक बोचरे आहे. डॉलर चढलेला असताना, म्हणजे अमेरिकेतला नफा युरोत फुगून दिसत असतानाही, तो जवळपास बारा टक्क्यांनी घसरलेला दिसतो. विनिमय दराचे हे पांघरूण काढले तर खालची घसरण किती असेल याचा अंदाज करावा. कोणताही आंतरराष्ट्रीय समूह असो, मी आधी विनिमय दर आणि त्या वर्षी विकत घेतलेल्या किंवा विकून टाकलेल्या कंपन्या बाजूला काढतो आणि मगच वाढ मोजतो. मथळ्यातल्या टक्केवारीवर विसंबून कुणीही मत बनवू नये.

उत्तरायण

जमाखर्च यांनी विक्रीची बाजू स्पष्ट केली, मी खर्चाची थोडक्यात मांडतो. कागद. युरोपातल्या अनेक गिरण्या गेली काही वर्षे छपाईचा कागद सोडून खोकी आणि वेष्टणांच्या कागदाकडे वळत आहेत, कारण ऑनलाइन खरेदीमुळे तिकडे मागणी आहे. त्यातच फिनलंडच्या यूपीएम या मोठ्या कागद कंपनीतला संप 1 जानेवारी 2022 ला सुरू झाला आणि एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत चालला. फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झाले आणि युरोपात वीज व गॅस यांचे दर भडकले. कागद गिरणी ही विजेवर आणि वाफेवर चालणारी गोष्ट असल्याने तो भार थेट कागदाच्या भावात आला. जहाजभाडे आधीच चढलेले होते. पुस्तकाची किंमत मात्र छापून झालेली असते. दुकानात पोहोचलेल्या प्रतीवर ती मध्येच वाढवता येत नाही.

शिलकी प्रत

मी अमेरिकेतल्या एका लहान गावात पुस्तकांच्या दुकानात काही वर्षे काम केले आहे, म्हणून या आकड्यांची एक बाजू मला मांडावीशी वाटते. ती म्हणजे परत जाणारी पुस्तके.

अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत प्रकाशकांनी दुकानदारांना न खपलेली पुस्तके परत करण्याची मुभा दिली आणि ती आजतागायत टिकून आहे. आमच्याकडे नाताळ उरकला की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परतीची यादी निघायची. मागच्या खोलीत लांब टेबलावर कठीण बांधणीची पुस्तके प्रकाशकानुसार रचायची, प्रत्येकाच्या पाठीवरचा पट्टेदार कोड वाचकयंत्राखाली धरायचा, सवलतीची चिकट चिठ्ठी नखाने हळूहळू सोलून काढायची, कारण वेष्टणावर डिंकाचा डाग राहिला तर गोदामात ती प्रत खराब म्हणून बाजूला पडू शकते, आणि मग खोक्यात कोपरे दुमडणार नाहीत अशी बसवायची. खिशात मावणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांचे तर आणखी वाईट. त्या परत पाठवण्याचे भाडेसुद्धा परवडत नाही, म्हणून फक्त मुखपृष्ठ फाडून पाठवायचे आणि उरलेले पुस्तक रद्दीत टाकायचे. पहिल्यांदा मला मुखपृष्ठ फाडायला सांगितले तेव्हा माझा हात चालत नव्हता. आजही त्या आवाजाची आठवण मला नकोशी वाटते.

मुद्दा असा की प्रकाशकाने पुस्तक दुकानाला पाठवले म्हणजे ते विकले गेले असे होत नाही. चांगल्या वर्षात दुकानदार धाडसाने मागणी नोंदवतो. 2021 मध्ये सगळ्यांनी तसे केले, कारण आधी जहाजे अडकून पुस्तकेच वेळेवर येत नव्हती आणि पुन्हा मागवता येईल की नाही याची भीती होती. मग 2022 मध्ये मागणी ओसरली, तेव्हा मागवण्याचे प्रमाण आटले आणि साठलेला माल उलट दिशेने निघाला. मोठ्या खरेदीदारांचेही तेच. हार्परकॉलिन्सची मालक असलेल्या न्यूज कॉर्पने त्याच वर्षी स्पष्ट सांगितले होते की अमेझॉनने आपल्या गोदामांतला साठा कमी केल्याचा फटका पुस्तक विभागाला बसला. त्यांचे आर्थिक वर्ष जूनअखेर संपते. जून 2023 ला संपलेल्या वर्षात हार्परकॉलिन्सचा नफा 30.6 कोटी डॉलरवरून 16.7 कोटी डॉलरवर आला, म्हणजे जवळपास निम्मा झाला. त्याच्याशी तुलना केली तर पेंग्विन रँडम हाउसने बरेच सावरून धरले, असे मी म्हणेन.

जमाखर्च

शिलकी प्रत, आपण हे फार नेमके मांडले. हिशेबाच्या बाजूने एकच पुरवणी जोडतो. प्रकाशक विक्री नोंदवतानाच किती प्रती परत येतील याचा अंदाज करून तेवढी रक्कम बाजूला ठेवतो. भरभराटीच्या वर्षात तो अंदाज कमी धरला गेला असेल, तर कमी पडलेला भाग पुढच्या वर्षाच्या नफ्यातून वळता होतो. पानोपानी म्हणतात ते, म्हणजे वर्ष आधीच्या वर्षांत घडते ते, इथे अगदी शब्दशः खरे आहे.

उत्तरायण

एक प्रश्न विचारतो. सायमन अँड शुस्टर ही अमेरिकी प्रकाशनसंस्था विकत घेण्याचा व्यवहार फिसकटला म्हणून जे 20 कोटी डॉलर द्यावे लागले, ते या घटलेल्या नफ्यात धरलेले आहेत का?

पानोपानी

नाहीत, आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बर्टेल्समान ऑपरेटिंग एबिटडा काढताना एकदाच उद्भवणाऱ्या विशेष बाबी वगळते. त्यामुळे 66.6 कोटींचा आकडा हा रोजच्या धंद्याचाच आहे; पुस्तके घेणे, छापणे, विकणे यातूनच नफा घटला. 20 कोटी डॉलर हा त्याशिवायचा घाव. याच वर्षी संपूर्ण बर्टेल्समानची उलाढाल पहिल्यांदा 20 अब्ज युरोच्या वर गेली, पण समूहाचा निव्वळ नफा 2.3 अब्जांवरून 1.1 अब्ज युरोच्या आसपास आला. याला केवळ पुस्तके जबाबदार नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. 2021 मध्ये काही मालमत्ता विकून आलेला मोठा लाभ पुन्हा मिळणार नव्हताच.

आता त्या व्यवहाराविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते 2022 ची खरी गोष्ट तीच आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये बर्टेल्समानने सायमन अँड शुस्टर 2.175 अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. अमेरिकेतल्या पाच मोठ्या प्रकाशकांतला पहिला तिसऱ्याला, किंवा मोजणीप्रमाणे चौथ्याला, गिळणार होता. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने दावा दाखल केला आणि ऑगस्ट 2022 मध्ये वॉशिंग्टनमध्ये तीन आठवडे सुनावणी झाली. सरकारचा युक्तिवाद नेहमीच्या मक्तेदारीच्या खटल्यांपेक्षा वेगळा होता. वाचकाला पुस्तक महाग पडेल, हा त्याचा मुख्य भर नव्हता. लेखकाला त्याचे हस्तलिखित विकताना बोली लावणारे कमी उरतील, हा होता. म्हणून बाजारपेठही वेगळी आखली गेली, ती अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम मिळणाऱ्या पुस्तकांची. अशी पुस्तके एकूण खरेदीच्या अवघी 2 टक्के असतात, पण आगाऊ रकमांवर होणारा 70 टक्के खर्च त्यांच्यावरच होतो. या बाजारात विलीनीकरणानंतर एकट्या समूहाचा वाटा 49 टक्के झाला असता.

पेंग्विन रँडम हाउसचे तत्कालीन मुख्याधिकारी मार्कुस डोले यांनी आश्वासन दिले होते की विलीनीकरणानंतरही सायमन अँड शुस्टरचे संपादक आपल्याच समूहाविरुद्ध बोली लावू शकतील. न्यायाधीश फ्लोरेन्स पॅन यांना ते पटले नाही. 31 ऑक्टोबर 2022 रोजी त्यांनी व्यवहार रोखला. अपील करण्याची इच्छा बर्टेल्समानने आधी बोलून दाखवली होती, पण सायमन अँड शुस्टरची मालक असलेल्या पॅरामाउंटने मुदत वाढवायला नकार दिला, तेव्हा नोव्हेंबरमध्ये सगळे संपले आणि ठरल्याप्रमाणे 20 कोटी डॉलर पॅरामाउंटला गेले. 9 डिसेंबरला डोले यांचा राजीनामा जाहीर झाला. 1 जानेवारी 2023 पासून निहार मालवीय यांनी हंगामी सूत्रे हाती घेतली आणि पुढे तेच कायम झाले.

दोन वर्षे संचालकांचे लक्ष, वकिलांची फी आणि नव्या रचनेची आखणी या एका व्यवहारामागे गेली. ताळेबंदात याची वेगळी ओळ नसते, पण किंमत मोजावी लागते.

अनुवादिका

हा खटला मी रोज वाचत होते, कारण त्यात प्रकाशन व्यवसायाने स्वतःविषयी जे सांगितले तसे एरवी कधी बाहेर येत नाही. पेंग्विन रँडम हाउसच्या वतीने सांगितले गेले की त्यांची सुमारे 35 टक्केच पुस्तके नफ्यात जातात आणि त्या नफ्यातल्या पुस्तकांपैकी केवळ 4 टक्के पुस्तके 60 टक्के नफा मिळवून देतात. शंभर पुस्तकांपैकी एक-दोन पुस्तकांच्या खांद्यावर बाकी सगळी उभी, असा त्याचा अर्थ. यातून एक भीषण आकडाही पसरला, की निम्म्याहून अधिक पुस्तकांच्या डझनभर प्रतीसुद्धा खपत नाहीत. लिहिणाऱ्या माणसाने हे वाचून लेखणी खाली ठेवावी, असा तो आकडा आहे. तो खरा आहे का?

जमाखर्च

अनुवादिका ताई, तो आकडा तसा खरा नाही. बुकस्कॅनच्या विश्लेषकांनी तेव्हाच दहा मोठ्या प्रकाशकांच्या सुमारे 45,000 नव्या पुस्तकांची वर्षभराची अमेरिकेतली छापील विक्री मोजून दाखवली होती. बारापेक्षा कमी प्रती खपलेली पुस्तके जवळपास 15 टक्के निघाली. निम्म्याहून थोडी अधिक पुस्तके बारा ते हजार प्रतींच्या दरम्यान होती. एक लाखाच्या वर गेलेली पुस्तके अर्धा टक्कासुद्धा नव्हती. चित्र उत्साहवर्धक नाही, पण निम्मी पुस्तके कुणीच घेत नाही हे म्हणणे लेखकांवर आणि संपादकांवर अन्याय करणारे आहे.

अनुवादिका

मनापासून आभार. मग माझी काळजी नेमकेपणाने सांगते. नफा घटला की समूह कुठे हात आखडता घेतो? ज्याच्यावर बोली लागते त्या ठळक नावावर नाही, कारण ती एक-दोन पुस्तकेच घर चालवतात. जुन्या यादीवरही, म्हणजे आधीच्या वर्षांत काढलेल्या पुस्तकांवरही नाही, कारण तिथे संपादन, आगाऊ रक्कम, जाहिरात हा खर्च केव्हाच फिटलेला असतो आणि वर्षानुवर्षे खपणारे पुस्तक फक्त पुन्हा छापायचे असते. कात्री चालते ती मधल्या पुस्तकांवर, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या पुस्तकाच्या लेखकावर, अनुवादावर, कवितेवर, गंभीर इतिहासावर, ज्यांच्या तीन-चार हजार प्रती खपतात आणि ज्यांतून पुढची जुनी यादी तयार होते. पानोपानी म्हणतात तसे आजचे वर्ष तीन वर्षांपूर्वी घडले असेल, तर आज न घेतलेल्या पुस्तकांचे परिणाम कुठल्या वर्षाच्या अहवालात दिसणार? मला वाटते ते कुठल्याच अहवालात दिसत नाहीत, आणि मला त्याचेच वाईट वाटते.

शिलकी प्रत

ताईंच्या म्हणण्याला दुजोरा देते. आमच्या दुकानात जुन्या यादीतली पुस्तके परत जात नसत. भिंतीकडच्या फळ्यांवर ती एकेक प्रत असायची, एक गेली की दुसरी मागवायची, वर्षाचे बारा महिने. परतीच्या खोक्यात दिसायची ती मुख्यतः त्याच हंगामात गाजावाजा करून आलेली. महासाथीत सर्वाधिक फायदा जुन्या यादीलाच झाला होता, कारण ऑनलाइन शोधणारा वाचक आधीपासून माहीत असलेले नावच शोधतो. आणि त्या जुन्या यादीतले प्रत्येक पुस्तक कधीतरी कुणाचे तरी पहिले पुस्तक होते.

उत्तरायण

सायमन अँड शुस्टरचे पुढे काय झाले तेही इथे नोंदवतो. ज्या 2022 मध्ये पेंग्विन रँडम हाउसचा नफा घटला, त्याच वर्षी सायमन अँड शुस्टरची उलाढाल पहिल्यांदा एक अब्ज डॉलरच्या पुढे, 1.18 अब्जांवर गेली. कॉलीन हूवर या लेखिकेच्या कादंबऱ्यांना समाजमाध्यमांवरच्या तरुण वाचकांनी जे उचलून धरले त्याचा त्यात मोठा वाटा होता, आणि गंमत नव्हे तर विचार करण्याजोगी गोष्ट ही की त्यांतल्या सर्वाधिक खपलेल्या काही कादंबऱ्या नव्या नव्हत्या, सहा ते आठ वर्षांपूर्वीच्या होत्या. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीने ती प्रकाशनसंस्था 1.62 अब्ज डॉलरला घेण्याचा करार केला. बर्टेल्समान देऊ करत होती त्यापेक्षा 50 कोटी डॉलरहून कमी.

पानोपानी

उत्तरायण, ही नोंद मोलाची आहे. सहा-आठ वर्षांपूर्वीचे पुस्तक एखाद्या वर्षाचा अहवाल बदलून टाकते, यात सगळे आले.

पुढच्या वर्षाचे आकडे देऊन माझी बाजू संपवतो. पेंग्विन रँडम हाउसने काढलेले प्रिन्स हॅरी यांचे आत्मकथन 10 जानेवारी 2023 ला आले आणि अमेरिका, कॅनडा व ब्रिटन मिळून पहिल्याच दिवशी सर्व स्वरूपांतल्या 14 लाखांहून अधिक प्रती खपल्या. करार, संपादन आणि छपाई आधीच झालेली होती. जमाखर्च सांगतीलच की छापून ठेवलेला माल विकला जाईपर्यंत साठ्यात राहतो, खर्चात पडत नाही. त्यामुळे दहा दिवसांच्या फरकाने ते सगळे यश 2022 च्या हिशेबातून निसटले आणि 2023 च्या खात्यावर जमा झाले. त्या वर्षी डॉलर थोडा उतरूनही उलाढाल 4.53 अब्ज युरोवर गेली. म्हणजे या वेळी वाढ विनिमय दराने दिलेली नव्हती.

तरी नफा 66.4 कोटी युरोच राहिला, 2022 पेक्षा किंचित कमी. मालवीय यांनी त्या उन्हाळ्यात अमेरिकेत दीर्घ सेवेच्या ज्येष्ठ कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि ती स्वीकारून अनेक नामवंत संपादक बाहेर पडले. त्यानंतर काहींच्या नोकऱ्याही गेल्या. तीस-तीस वर्षे हस्तलिखिते वाचणारी माणसे एका हंगामात निघून गेली. त्यांनी निवडलेली पुस्तके अजून काही वर्षे बाजारात येत राहतील.